भाड्याची गाडी परत करताना: चावी, लॉक आणि अमानत

ओळखीतल्या एका कुटुंबाची गोष्ट आहे. राहायला मुंब्रा-कौसा, मूळ गाव खेड तालुक्यात. भाचीचा निकाह गावी होता. घरात सात माणसं, त्यात दोन लहान मुलं आणि गुडघ्यांनी बेजार झालेली दादी. रेल्वेचं रिझर्वेशन मिळालं नाही, म्हणून थोरल्या मुलानं मोबाईलच्या ॲपवरून सात सीटची गाडी तीन दिवसांसाठी घेतली. ड्रायव्हर नाही, स्वतःच चालवायची. निकाह झाला, वलीमा झाला. सोमवारी रात्री नऊच्या आत गाडी ठाण्यातल्या एका इमारतीच्या तळघरात, जिथून घेतली तिथेच परत लावायची होती.

गाडी वेळेत पोहोचली. आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. सामान उतरवलं, झोपलेली मुलं खांद्यावर घेतली, चावी सांगितल्याप्रमाणे डॅशबोर्डच्या खणात ठेवली. मुलानं ॲपमध्ये लॉकचं बटण दाबलं. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. वर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, फोनची बॅटरी संपत आली होती. अब्बा म्हणाले, "चल रे बेटा, झालं असेल." सगळे निघून गेले.

झालं नव्हतं. तळघरात नेटवर्क नव्हतं, त्यामुळे लॉकचा हुकूम गाडीपर्यंत गेलाच नाही. गाडी रात्रभर उघडी राहिली, चावी आतच. ॲपच्या हिशेबात ट्रिप चालूच होती. सकाळी सहा वाजता ती गाडी घ्यायला दुसरं कुटुंब आलं, पण आधीची ट्रिप संपलेली नसल्यामुळे त्यांची सुरूच होईना. मुलानं फोन चार्ज करून उघडला तेव्हा उशिराचा दंड लागला होता. वर मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे पैसेही लावले होते. डिपॉझिट जवळजवळ सगळं गेलं.

गाडी चोरीला गेली नाही, अल्हम्दुलिल्लाह. गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार करूनच अब्बांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आज आपल्या समाजात अशा गाड्या घेणारी कुटुंबं खूप आहेत. ईदला गावी जायचं, लग्नाला जायचं, पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, हज-उमरावरून येणाऱ्यांना विमानतळावरून आणायचं. स्वतःची गाडी परवडत नाही आणि तिची रोज गरजही नसते. गाडी घेताना आपण चौकशी करतो, भाव करतो. परत करताना मात्र घाई करतो. खरा व्यवहार पूर्ण होतो तो परत करताना, आणि बहुतेक भांडणंही तिथेच सुरू होतात. म्हणून हा लेख.

काउंटरवर माणूस नाही, म्हणून जबाबदारी आपली

पूर्वी भाड्याची गाडी परत करताना समोर माणूस असायचा. तो गाडीभोवती फिरून बघायचा, चावी घ्यायचा, पावती द्यायचा. पावती हातात आली की आपण मोकळे.

एकच गाडी अनेकांनी मिळून वापरायची, ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात १९४८ मध्येच काही लोकांनी सहकारी पद्धतीनं असा प्रयोग केला होता. अमेरिकेत २००० मध्ये झिपकार सुरू झाली, आपल्याकडे २०१३ मध्ये बंगळुरूत झूमकार सुरू झाली. पुढे मोबाईल ॲप आलं आणि बऱ्याच ठिकाणी मधला माणूसच गेला. गाडी पार्किंगमध्ये उभी असते, ॲपवरून उघडते, ॲपवरूनच बंद होते.

हे चालतं कसं, ते समजून घेऊ. गाडीत एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. त्यात सिमकार्ड आणि जीपीएस असतं, आणि ते गाडीच्या सेंट्रल लॉकला जोडलेलं असतं. आपण बटण दाबलं की मोबाईलवरून हुकूम कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून गाडीतल्या सिमवर येतो, मग दारं लॉक होतात. काही गाड्यांत ब्लूटूथनंही हे काम होतं. म्हणजे साधारणपणे दोन ठिकाणी नेटवर्क लागतं: आपल्या फोनला आणि गाडीलाही. तळघर, घाटातला कोपरा, जाड भिंतींचं पार्किंग, अशा जागी दोन्हींपैकी एक जरी अडलं तरी चक्र फिरत राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे या यंत्राला वीज गाडीच्याच बॅटरीतून मिळते. आतला दिवा किंवा पार्किंग लाईट चालू राहिला आणि बॅटरी उतरली, तर पुढच्या माणसाला गाडी ॲपवरून उघडताच येत नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. गाडी लॉक होणं आणि ट्रिप संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी लॉक असूनही ट्रिप चालू राहू शकते. चहाला थांबलो तेव्हा आपण लॉक करतोच की! ट्रिप संपवण्याचं बटण वेगळं असतं, आणि त्यानंतर ट्रिप संपल्याचा मेसेज आला पाहिजे. तो मेसेज हीच आजची पावती. ती येईपर्यंत गाडी कागदोपत्री आपल्याच ताब्यात असते आणि काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

दीन काय सांगतो

कुणी म्हणेल, गाडीच्या लॉकमध्ये दीन कुठे आला? आला, कारण भाड्यानं वस्तू घेणं हा आपल्या फिकहमधला जुना विषय आहे. त्याला इजारा म्हणतात. घर, जनावर, अवजार, आज गाडी. मालकी मालकाचीच राहते, आपण ठरलेल्या मुदतीसाठी वापराचा हक्क विकत घेतो.

आपल्या राज्यात कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत आणि बाकी बहुसंख्य हनफी. या मूळ मुद्द्यावर दोन्हींचं म्हणणं एकच आहे: भाड्यानं घेतलेली वस्तू भाडेकरूच्या हातात अमानत असते. त्याचे दोन अर्थ निघतात. आपली चूक नसताना, हलगर्जी नसताना वस्तूचं नुकसान झालं तर त्याचा बोजा मूळ नियमानं भाडेकरूवर नाही. पण आपण मर्यादा ओलांडली किंवा काळजी घेतली नाही, तर भरपाई आपल्यावर येते. गाडी उघडी टाकून निघून जाणं ही हलगर्जीच आहे. "चुकून झालं" म्हणून ती माफ होत नाही, कारण मालकाचं नुकसान तर खरंच झालेलं असतं.

सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती त्यांच्या हकदारांपर्यंत पोहोचवण्याचा हुकूम आहे. पोहोचवणं म्हणजे जवळपास नेऊन सोडणं नव्हे. शेजाऱ्याची सोन्याची बांगडी आपल्याकडे ठेवायला असेल तर ती आपण त्याच्या ओट्यावर ठेवून निघून येतो का? हातात देतो, मोजून देतो. आठ-दहा लाखांच्या गाडीचंही तेच.

आणि तवक्कुलच्या नावाखाली हलगर्जी चालत नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तिर्मिजीतली हदीस आपण मुलांना सांगतोच. पार्किंगमधल्या गाडीलाही ती तशीच लागू आहे.

परत देण्याच्या तासभर आधी

परतीची तयारी पार्किंगमध्ये पोहोचल्यावर नाही, तासभर आधी सुरू करा.

वेळ. मुंबई-गोवा महामार्गावर सुट्टीच्या दिवशी किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही. उशीर होणार असं दिसलं की मुदत संपण्याआधीच ॲपमधून ती वाढवून घ्या. आधी वाढवली तर साधं भाडं लागतं, मुदत उलटल्यावर सहसा दंड लागतो. पुढचं बुकिंग असेल तर मुदत वाढून मिळत नाही, म्हणून परतीची वेळ ठरवतानाच दोन तास हाताशी ठेवा. मुदतीनंतर परवानगीशिवाय गाडी वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर हात टाकणं आहे. कुणी तरी ती गाडी घेऊन दवाखान्यात जाणार असेल, हे मनात असू द्या.

इंधन. जेवढं मिळालं तेवढं भरून द्यायचं, असा साधारण नियम असतो. पंपावर झाकणावरची चिठ्ठी बघून पेट्रोल की डिझेल याची खात्री करा. सीएनजीची गाडी असेल तर दोन काटे बघायचे, सीएनजीचा वेगळा आणि पेट्रोलचा वेगळा. संध्याकाळी सीएनजीच्या रांगेत किती वेळ जातो हे मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. पंपाची पावती सांभाळा.

फोन. ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचा फोन चार्ज असला पाहिजे. ॲप त्याच्याच फोनमध्ये असतं. ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो मध्येच घरी उतरला आणि गाडी चुलतभावानं एकट्यानं नेऊन लावली, असं करू नका.

कचरा. बिर्याणीचे डबे, मुलांची बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. पंपावरच गाडी थांबवून सगळं काढा. पाकी म्हणजे फक्त कपड्यांची नव्हे. पुढचं कुटुंब कुठल्याही जातीधर्माचं असेल, दार उघडल्यावर ते आपल्याविषयीच मत बनवणार आहे.

गाडी लावल्यावर

ठरलेल्या जागीच लावा. "तिथे जागा नव्हती म्हणून पलीकडे लावली" असं झालं तर लगेच फोटोसह कळवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दुसऱ्याची वाट अडवू नका, दवाखान्याचं किंवा मशिदीचं गेट अडवू नका. गाडी टो करून नेली तर तो खर्च तुमच्या नावावर येईल. पावसाळ्यात पाणी तुंबणारी जागा आणि मोठ्या झाडाखालची जागा टाळा.

हँडब्रेक ओढा. साध्या गिअरची गाडी उतारावर असेल तर ती गिअरमध्ये ठेवा: तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'पी'वर. खिडक्या चारही वर आहेत का, ते एकेक बघा. बऱ्याच गाड्यांत लॉक केल्यावर काचा आपोआप वर जात नाहीत. हेडलाईट, आतला दिवा, गाणी, सगळं बंद.

इंजिन बंद केलं तरी डॅशबोर्डचा फोटो काढताना इग्निशन चालू ठेवा. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की इंधनाचा काटा खाली पडतो आणि फोटोत टाकी रिकामी दिसते. किलोमीटर, इंधनाचा काटा आणि चालू असलेले इशारा-दिवे एकाच फोटोत आले पाहिजेत.

मग उतरून मागची सीट बघा. हे वाचून हसू नका. सामान, म्हातारी माणसं, रिक्षा या गोंधळात झोपलेलं मूल मागे राहिल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी वाढतं. मोठ्या कुटुंबात प्रत्येकाला वाटतं, मूल दुसऱ्याकडे आहे. म्हणून एकानं मोठ्यानं नावं घेऊन मुलं मोजायची. त्यानंतर सीटखाली, दारांच्या कप्प्यांत आणि डिकीत हात घालून बघा. चष्मा, औषधं, टोपी, तसबीह, आधार कार्ड, निकाहला आलेली पाकिटं, हेच नेहमी राहतं.

फोटो आणि व्हिडिओ: आपला साक्षीदार

चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो घ्या. कोपऱ्यातून घेतला की दोन बाजू एकत्र दिसतात. मग समोरची काच, चारही टायर आणि त्यांच्या रिंगा, दोन्ही बंपर जवळून, डिकी आतून, पुढच्या-मागच्या सीट, डॅशबोर्ड. शेवटी एक फोटो असा घ्या ज्यात गाडीचा नंबर आणि आजूबाजूची ओळखीची खूण, म्हणजे खांबाचा नंबर, दुकानाची पाटी, इमारतीचं नाव, एकत्र दिसेल. एक सलग व्हिडिओही घ्या. अंधार असेल तर दुसऱ्याला मोबाईलचा टॉर्च धरायला सांगा. चिखल असेल तर निदान बंपर आणि दारं ओल्या फडक्यानं पुसा. चिखलाखाली ओरखडा आहे की नाही, हे फोटोत कळत नाही.

हे सगळं गाडी घेतानाही तसंच करायचं. आपल्या मुंब्र्याच्या कुटुंबाची चूक इथेच झाली. ओरखडा आधीचा होता की त्यांचा, हे त्यांना स्वतःलाही ठामपणे सांगता येईना, कारण घेतानाचा एकही फोटो नव्हता. शेवटचा फोटो उपयोगी पडतो तो पहिल्या फोटोमुळे.

हे फोटो मूळ स्वरूपात फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत तारीख-वेळेची आतली नोंद राहत नाही आणि फोटो बारीक होतो. डिपॉझिट परत मिळेपर्यंत आणि त्यानंतरही दोन-तीन महिने ते डिलीट करू नका.

लॉक लागलं हे कसं ओळखायचं

इथे दोन प्रकार आहेत.

पहिला, चावी गाडीतच ठेवायची आणि ॲपनं लॉक करायचं. यात आधी चावी सांगितलेल्या जागी ठेवा आणि तिचा फोटो घ्या. सगळी दारं आणि डिकी नीट लावा. एक दार जरी अर्धवट लागलं असेल तर लॉक बसत नाही किंवा तेवढं दार उघडं राहतं. मग ॲपमधून लॉक करा. 'खट्' असा आवाज आला पाहिजे, बहुतेक गाड्यांचे इंडिकेटर लुकलुकतात, काहींचे आरसे मिटतात. त्यानंतर चारही दारांचे हँडल आणि डिकी ओढून बघा. एक दार नाही, चारही. या प्रकारात सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे चावी खिशात राहून घरी जाणं. पुढचा माणूस गाडी उघडतो आणि आत बसून राहतो. असं झालं तर रात्री कितीही वाजले असले तरी आधी फोन करून कळवा.

दुसरा, चावी मालकाच्या किंवा कंपनीच्या माणसाच्या हातात द्यायची. यात चावीनं लॉक करून मग ती द्या. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: चावी खिशात असताना हँडल ओढलं की अशा अनेक गाड्या स्वतःच उघडतात. मग आपल्याला वाटतं लॉक बिघडलं, किंवा तपासताना आपणच ती उघडून ठेवतो. तपासायचं असेल तर चावी दुसऱ्याकडे देऊन त्याला पाच-सहा पावलं लांब उभं करा आणि मग हँडल ओढा.

चक्र फिरतच राहिलं तर? गाडी सोडू नका. कुटुंबातल्या एकाला गाडीजवळ उभं करा, दुसऱ्यानं नेटवर्क मिळेल तिथपर्यंत जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. तरीही होत नसेल तर कस्टमर केअरला फोन करा, फोन लावल्याची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याच वेळी ॲपच्या चॅटवर लिहून पाठवा: अमुक वेळी, अमुक जागी गाडी लावली आहे, लॉक लागत नाही, काय करू? तोंडी सांगितलेलं उडून जातं, लिहिलेलं राहतं. चावीनं लॉक करायला सांगितलं तर तेही लेखी मागा, कारण मग चावी बाहेर राहणार आणि ती कुणाकडे द्यायची हे त्यांनीच सांगितलं पाहिजे.

लॉक झाल्यावर ट्रिप संपवा, संपल्याचा मेसेज वाचा, स्क्रीनशॉट घ्या. मगच रिक्षा.

"आपल्याच माणसाकडून लिहून काय घ्यायचं?"

ॲपशिवायही आपल्या मोहल्ल्यांत गाड्या भाड्यानं दिल्या-घेतल्या जातात. भिवंडी, कोंढवा, मालेगाव, चिपळूण, कुठेही जा. ओळखीचा माणूस, तोंडी भाव, थोडं डिपॉझिट. परत देताना चावी त्याच्या धाकट्या भावाकडे किंवा पानाच्या दुकानात देऊन आपण निघतो. चार दिवसांनी फोन येतो, "भाईजान, दरवाज्याला डेंट आहे." मग सलाम-दुआ बंद, मधे पडायला जमातीचे लोक.

लिहून मागायला आपल्याला लाज वाटते. समोरच्यावर विश्वास नाही असं वाटेल, ही भीती असते. पण सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीच्या व्यवहाराबद्दल लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची सविस्तर शिकवण आहे. तो हुकूम मोमिनांना आहे, म्हणजे आपसातल्या माणसांनाच. लिहिल्यानं विश्वास कमी होत नाही, उलट नातं वाचतं.

चावी देताना तिथेच उभं राहून व्हॉट्सॲपवर एवढं टाका: "गाडी परत दिली. तारीख, वेळ, किलोमीटर इतके, इंधन इतकं, नवीन नुकसान नाही. चावी अमुक यांच्या हातात." समोरच्याला म्हणा, "भाई, फक्त ओके लिहा." दहा सेकंदांचं काम आहे.

नुकसान झालं असेल तर

लपवू नका. ओरखडा पडला असेल, आरसा फुटला असेल, तर झाला तेव्हाच फोटो काढून कळवा. ओळखीच्या गॅरेजमध्ये ठोकून-रंगवून देण्याचा मोह होतो. करू नका. विम्याचा दावा करायचा तर कंपनीला ताबडतोब कळवावं लागतं आणि दुरुस्तीआधी गाडी दाखवावी लागते. परस्पर दुरुस्ती केली तर दावा अडतो आणि सगळा खर्च तुमच्यावर येतो. कुणाला लागलं असेल किंवा मोठा अपघात असेल तर आधी जखमीला मदत, मग पोलिसांना आणि कंपनीला खबर. परत देताना फॉर्ममध्ये "नुकसान नाही" वर खूण करून नुकसान झाकणं म्हणजे खोटी साक्ष देण्यासारखं आहे. तिथून मिळालेलं डिपॉझिट आपल्या घरात बरकत आणणार नाही.

परत दिल्यानंतरही तीन गोष्टी

फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे आणि तो गाडीला चिकटवलेला असतो. टोल कुणाच्या खात्यातून कापला जातो हे घेतानाच विचारा. कंपनीनं नंतर टोल लावला तर नाक्याचं नाव आणि वेळ मागा. तुमच्या ट्रिपच्या वेळेबाहेरचा टोल तुमचा नाही.

ई-चलन. वेगाचं किंवा सिग्नलचं चलन गाडीच्या नंबरवर निघतं आणि मालकाच्या मोबाईलवर जातं. ते काही दिवसांनी तुमच्याकडे येऊ शकतं. चलनावर तारीख, वेळ, ठिकाण असतं, बऱ्याचदा फोटोही. ती प्रत बघा. तुमच्या वेळेतलं असेल तर वाद न घालता भरा. नसेल तर ट्रिप संपल्याचा स्क्रीनशॉट पाठवा.

डिपॉझिट. किती दिवसांत परत येणार ते करारात असतं. पैसे कापले असतील तर लेखी हिशेब आणि नुकसानीचे फोटो मागा. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. तरीही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

गाडी देणाऱ्यांसाठीही दोन शब्द

आपल्यातले अनेक तरुण हप्ते भरण्यासाठी गाडी भाड्यानं देतात. मेहनतीची कमाई आहे. पण अमानत दोन्ही बाजूंनी असते. ग्राहकाचं डिपॉझिट तुमच्याकडे अमानत आहे. जुना डेंट नव्या ग्राहकाच्या माथी मारणं, त्याच ओरखड्याचे पैसे तिघांकडून घेणं आणि दुरुस्ती मात्र करायचीच नाही, हे सरळ हराम खाणं आहे. गाडी देताना ग्राहकासमोर फोटो काढा आणि परत घेताना समोरासमोर बघून घ्या.

कायद्याची बाजूही बघा. रीतसर सेल्फ ड्राइव्हसाठी नोंदवलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं दिली आणि अपघात झाला, तर खाजगी वापराच्या विम्यावर कंपनी दावा नाकारू शकते. त्या दिवशी मालक आणि ग्राहक दोघंही अडकतात. घेणाऱ्यानंही पाटीचा रंग बघून हा प्रश्न विचारावा.

त्या कुटुंबाचं पुढे काय झालं?

मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा त्या इमारतीत गेला. वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबर आणि ८.५२ ही वेळ लिहिलेली होती. त्यानं त्या पानाचा फोटो घेतला, टोलचे मेसेज जोडले आणि सगळं लेखी पाठवलं. दोन आठवड्यांनी उशिराचा दंड परत मिळाला. ओरखड्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण पुरावा नव्हता.

पण अब्बांनी मुलाला आणखी एक काम सांगितलं. सकाळी सहाला खोळंबलेल्या त्या अनोळखी कुटुंबाची माफी मागायची. त्यांचा नंबर कंपनीनं दिला नाही, म्हणून मुलानं चॅटवर लिहून तो निरोप पोहोचवायला सांगितलं. पोहोचला की नाही, माहीत नाही.

आता ते कुटुंब गाडी परत देताना पंधरा मिनिटं जास्त थांबतं. अब्बा स्वतः चारही दारं ओढून बघतात, मुलगा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवतो, दादी नातवंडं मोजते. मगच रिक्षाला हात करतात.